दुसरा बेस चोरीला

"केलर्सबर्गमध्ये नजर म्हणावी अशी एकच आहे, आणि ती माझ्या कपाळाखाली आहे," असं ऑरिन हाबरकॉर्न रोज सकाळी कोणाला तरी ऐकवत असे. एकतीस वर्षं त्याने गावच्या बेसबॉल मैदानावर होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीशी, उभं राहून पंचगिरी केली होती. निवृत्तीनंतर तो शाळेच्या फाटकावर पहारेकरी झाला. पण खुर्चीच्या पाठीवर त्याने स्वतःच्या हाताने 'तपास विभाग' असं रंगवून घेतलं. विभागात माणसं दोन. एक तो, आणि दुसरी ग्रंथपाल मार्लिस गँट्झ. तिला मात्र हे कोणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी साडेआठलाच इतिहासाची शिक्षिका लुअ‍ॅन प्रुइट धापा टाकत आली.

"मिस्टर हाबरकॉर्न, दुसरा बेस चोरीला गेला!"

"शाब्बास," ऑरिन म्हणाला. "धावणारा सेफ होता ना?"

जगात ही एकच चोरी अशी, की करणाऱ्याला टाळ्या मिळतात. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, डोळा चुकवून बाद न होता पुढच्या बेसवर पळालं, की बेस चोरला आणि धावणारा 'सेफ'. त्यामुळे हा बेस पळून नव्हे, उचलून चोरलाय, हे लुअ‍ॅनला तीनदा सांगावं लागलं.

"काल ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर ठेवून कपाटाची किल्ली आणायला गेले. आले तर नाही! मला वाटलं मार्लिसने आत नेला."

"मला वाटलं तू नेलास," तिच्या मागोमाग आलेली मार्लिस म्हणाली.

बेस म्हणजे पेंढा भरलेली कॅनव्हासची चौकोनी गादी. पण हा साधा बेस नव्हता. अठ्ठेचाळीस सालच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, नवव्या डावात, मुलींच्या संघातल्या व्हर्ना स्टॅखोवियाकने तो चोरला, पुढच्याच फटक्यावर ती धावत होम प्लेटवर पोचली आणि गाव जिंकलं. त्याच व्हर्नाबाई, वय वर्षं त्र्याण्णव, दहा वाजता लुअ‍ॅनच्या वर्गात येणार होत्या. "पाय ठेवायला बेस असेल तरच बोलेन. नुसतं भाषण ठोकायला मी काय महापौर आहे?" ही त्यांची अट. आणि मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, आजचा तास पडला तर पुढच्या वर्षी बेसबॉलचा इतिहास बंद. त्या जागी टायपिंग.

ऑरिन उठला. बसायची उशी त्याने बगलेत मारली. कंबर धरल्यामुळे कालपासून ही निळ्या फुलांच्या अभ्र्यातली उशी त्याच्याबरोबर सगळीकडे फिरत होती.

"उघड आहे. हरलेल्या हॉर्टनव्हिलच्या संघाचा सूड!"

"त्यांची शेवटची खेळाडू तीन वर्षांपूर्वी वारली," मार्लिस म्हणाली.

"इतका पक्का बचाव निरपराध माणसाकडे नसतो, मार्लिस. लिहून घे."

मग संशय गणिताच्या शिक्षकावर गेला, कारण त्याची पिशवी चौकोनी होती. पिशवीत सँडविच निघालं. तेही चौकोनी, म्हणून ऑरिनने अर्धं पुरावा म्हणून खाल्लं.

इतक्यात मार्लिसला बाकाखाली पेंढ्याची एक काडी दिसली. पुढे दुसरी. काड्यांचा माग जिना उतरून, अंगण ओलांडून थेट फाटकावरच्या खुर्चीशी येऊन थांबला.

"बदमाश!" ऑरिन थरारला. "माझ्यावर पाळत ठेवून गेला!"

"पण काड्या इथेच संपतात."

"मला पाहून घाबरला. इथून उडी मारली."

"कुठे?"

"साहाय्यकाने फार प्रश्न विचारू नयेत."

पावणेदहा झाले होते. लुअ‍ॅन फळ्यावर १९४८ लिहीत होती आणि खडू तिसऱ्यांदा मोडला. दहाला व्हर्नाबाई काठी टेकत आल्या. तीस मुलं, दारात मुख्याध्यापक, आणि टेबलावर बेसच्या जागी काहीच नाही. ऑरिनने निदान सभ्यपणा दाखवावा म्हणून आपली उशी खुर्चीवर ठेवली.

"बसा मॅडम. तपास शेवटच्या टप्प्यात आहे."

बाई बसल्या. जरा हलल्या. पुन्हा हलल्या.

"पोरा, ही उशी कुठून आणलीस?"

"बेवारस पडली होती बाकावर. मळकी, पट्टे तुटलेली. काल तीन दहाला रीतसर ताब्यात घेतली. नोंद आहे."

"मी हिच्यावर एकदा बसलेय," बाई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस साली. जोरात."

मार्लिसने अभ्रा ओढून काढला. मळकं कॅनव्हास, कोपऱ्यात मासे धरायच्या दोऱ्याची शिवण.

"माझ्या बुटाचा खिळा लागून फाटला होता तिथे," बाई म्हणाल्या.

वर्ग खदखदून हसला. ऑरिनचे कान लाल झाले. कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, "एकतीस वर्षं मी होम प्लेटमागे उभा राहिलो, मॅडम. दुसरा बेस एकशे सत्तावीस फुटांवरूनच पाहिला. जवळून कसा दिसतो, मला माहीतच नव्हतं."

व्हर्नाबाईंनी बेस जमिनीवर टाकायला लावला. मग सगळं सांगितलं: पिचर कुठे बघत होती, धूळ किती उडाली, गुडघा कसा सोलला. तीस मुलांत एक खुर्ची करकरली नाही. शेवटी काठी लुअ‍ॅनच्या हातात देऊन बाईंनी उजवा पाय उचलला आणि बेसवर ठेवला.

"आता जवळ आहेस ना? दे निर्णय."

ऑरिन कंबर विसरून वाकला, डोळे बारीक केले, आणि दोन्ही हात आडवे फेकून असा ओरडला की फाटकापर्यंत ऐकू गेलं.

"सेफ!"

दारातून मुख्याध्यापक म्हणाले, "टायपिंग मुलं घरी शिकतील."

मार्लिसने नोंदवहीत लिहिलं: चोरीचा माल मिळाला. आरोपीने आता नवी उशी मागितली आहे.