अप्पा तोंडं बघतात

खोली बघायला मी पहिल्यांदा मन्मथअप्पांकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, घरात मटण शिजणार का हेसुद्धा विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हणाले, "मास्तर, तोंड उघडा."

मी विज्ञानाचा शिक्षक. लातूरजवळच्या मुरुडला नुकतीच बदली झालेली, खोली मिळत नव्हती. उघडलं तोंड. अप्पांनी माझ्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घातला आणि गाल असा ओढला, की डोळ्यांत पाणी आलं. "उजवीकडची मागची दाढ पोकळ हाय. सोमवारी लातूरला जाऊन भरून घ्या, मंगळवारी सामान आना." मी मुकाट्याने दाढ भरून आलो. तेव्हापासून मी त्यांच्या माडीवर राहतो.

अंगठ्याची ही करामत औशाच्या बाजारातली. अप्पांनी उभी हयात बैलांची दलाली केली. बैलाचे दात बघून वय सांगायचं: दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की 'जुळला'. पुढे ते बैल सोडून माणसांकडे वळले, पण भाषा तीच राहिली. आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी शाळेच्या फाटकात तपासलं आणि 'जुळून झिजलेला' असा निकाल दिला. मुख्याध्यापक आठवडाभर स्टाफरूममध्ये हसले नाहीत. हसले की दात दिसतात ना.

या सगळ्यामागे अप्पांचं एक शास्त्र आहे. ते त्यांनी मला, म्हणजे विज्ञानाच्या शिक्षकाला, किमान शंभर वेळा समजावलं आहे. "तोंड म्हंजे गावाची वेस हाय, मास्तर. वेशीत घान साचली की किडे रगतात उतरत्यात. रगत जातंय दिलाकडं. दिलाला झडपा असत्यात. त्या झडपंवर किडे मुक्काम ठोकत्यात, अन् मग मानूस बेजार!"

यात चूक काहीच नाही, हीच माझी पंचाईत. मी एवढंच म्हणायचो, "अप्पा, असं सगळ्यांना होत नाही. ज्याची झडप आधीच खराब आहे, त्याला धोका जास्त."

"अन् झडप खराब हाय हे कपाळावर लिवलेलं असतंय का?"

 

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला. मागे वीस-पंचवीस कार्यकर्ते, ढोल, उपरणी. अप्पा म्हणाले, "हात सोडा, तोंड उघडा." मतासाठी माणूस काय करत नाही! त्याने उघडलं. आत गुटख्याने सगळं लालभडक झालेलं. अप्पांनी टॉर्च कार्यकर्त्यांकडे फिरवला, "आता लाइनीत या." ढोलवाल्यासकट सगळी मिरवणूक पुढच्या गल्लीत पळाली.

पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा तर कहर झाला. मुलीला एकही प्रश्न विचारायच्या आत अप्पांनी मुलाच्या तोंडात अंगठा घातला. मुलगा इंजिनिअर, तोंडात पोहे. "पोरगं चांगलं हाय, पन हिरड्या सुजल्यात. दोन म्हयन्यांनी आना." मुलाचा बाप तरातरा उठला, तर मुलाची आई हळूच म्हणाली, "अप्पा, ह्यांचं बी एकदा बघा की." दोन महिन्यांनी बाप-लेक दोघंही दात साफ करून आले आणि लग्न ठरलं.

गावाच्या लेखी अप्पा म्हणजे फुकटची करमणूक. माझ्याही लेखी तेच होतं, अगदी परवापरवापर्यंत.

एके सकाळी अप्पांच्या पत्नी, गंगाकाकू, माडीवर आल्या. पदराने गाल दाबून धरलेला. "मास्तर, चार दिस झाले दाढ ठनकायली. ह्यांला सांगू नका."

"अहो काकू, घरात एवढे तज्ज्ञ असताना?"

"साऱ्या गावाची तोंडं बघत्यात ह्ये. माझं न्हाई बघत. भ्यात्यात."

मग काकूंनीच सगळं सांगितलं. त्यांना लहानपणी सांधे धरून ताप आला होता, तेव्हापासून हृदयाची झडप अधू. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी दाढ किडली, त्या दाढेत मिश्री दाबत बसल्या. मग रोज संध्याकाळी ताप. मेडिकलवरच्या गोळ्यांनी उतरायचा, पुन्हा चढायचा. महिन्याने लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोंडातले जंतू झडपेवर बसलेत. सहा आठवडे शिरेतून औषध दिलं, तेव्हा कुठे काकू वाचल्या.

'सांगू नका' हे काकूंचं म्हणणं मी ऐकलं नाही. खाली जाऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी टॉर्च हातात घेतला आणि परत ठेवून दिला. तासाभरात आम्ही गाडीने लातूरला निघालो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, मग जंतू पुन्हा झडपेवर बसू नयेत म्हणून काकूंना गोळ्या दिल्या. दाढेला हात लावायच्या आधी तासभर थांबायचं होतं. अप्पा बाकावर माझ्याशेजारी बसले.

"तवा तिनं दावली हुती मला दाढ," ते एकदम म्हणाले. "मी बाजाराला निघालो हुतो. बघा की जरा, म्हनली. मी म्हनलो, आलो की बघतो." मग म्हणाले, "त्या दिवशी बैलांची चाळीस तोंडं बघितली मी, मास्तर."

 या माणसाला मी इतकी वर्षं हसलो, याची लाज वाटली.

पुढे ताप आला नाही, काकू ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या तासानंतर काकू खुर्चीवर बसल्या आणि तोंडच उघडेनात. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा विनवलं. काकू ओठ घट्ट मिटून दाराकडे बघत राहिल्या. शेवटी मी अप्पांना दंडाला धरून आत नेलं.

ते समोर उभे राहिले, तेव्हा काकूंनी तोंड उघडलं. अप्पांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. दाती-बिती काही म्हणाले नाहीत. काकूंच्या सुजलेल्या गालाला हात लावला आणि विचारलं, "लई दुखायलं का गं?"