ग्राहक, आपण सुरक्षित आहात

देविकाचा नवा लॅपटॉप घरात आला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी घरमालक व्यंकटरावांची अख्खी गल्ली रस्त्यावर आली. त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, ते गल्लीत अजून ठरलेलं नाही.

लॅपटॉप घेणं भागच होतं. देविका बारावीला. लातुरात राहून क्लास लावायचा आणि टेस्ट सिरीज सोडवायची नाही, म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत यायचं. तिचा बाप महादेवप्पा निलंग्याच्या शाळेत मास्तर. पोरीच्या क्लाससाठी त्यानं लातुरात व्यंकटरावांच्या इमारतीत खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि स्वतः रोज एसटीचे धक्के खात होता. वरच्या मजल्यांवर मुलींचं होस्टेल. खाली महादेवप्पा, त्याची बायको राजश्री, देविका आणि त्याची आई सिद्धम्मा, म्हणजे सगळ्यांची अव्वा.

अव्वा लातुरात आली ती एका अटीवर. ती छताखाली झोपणार नाही. किल्लारीकडच्या त्यांच्या गावात भूकंप झाला तेव्हा तिची धाकटी लेक पारू घराखाली गेली. तेव्हापासून अव्वानं एक रात्र घरात काढली नव्हती. अंगणात व्यंकटरावांची स्कूटर आणि पाण्याची मोटार यांच्यामध्ये एक पत्र्याचं शेड होतं, तिथं तिची बाज. थंडी पडली की तिचा खोकला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा. डॉक्टरांनी सांगून झालं, राजश्रीनं रुसून झालं. आपली इमारत किती पक्की आहे हे दाखवायला व्यंकटराव एकदा गच्चीवर उड्या मारून आले. इमारतीला काही झालं नाही, त्यांचा घोटा मात्र महिनाभर सुजलेला होता. महादेवप्पा तर रोज रात्री म्हणायचा, "अव्वा, काही होत न्हाई, आत झोप." त्यावर अव्वा मुकाट्यानं वळकटी उचलायची आणि बाहेर जायची.

तर लॅपटॉप आला. अव्वानं त्याला विभूती लावली, फूल वाहिलं. आत उघडून बघतात तो कुणी न मागितलेलं सामान खचाखच भरलेलं. पत्त्यांचे चार खेळ, दोन कॅलेंडरं, लंडनचं हवामान आणि व्हायरसवर नजर ठेवणारा 'कवच' नावाचा एक राखणदार. दुकानदारानं हौसेनं सगळं मराठीत करून दिलं होतं आणि मालकाच्या नावाच्या जागी 'ग्राहक' असं टाकून मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा उकळत असताना लॅपटॉपमधून घंटा वाजली. पडदा लाल झाला, त्यावर एक रेघ थरथरत धावायला लागली आणि एक बाई अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, "ग्राहक, सावधान. धोका आढळला आहे."

आता अशी थरथरती रेघ अव्वानं आयुष्यात एकदाच पाहिली होती. भूकंपानंतर गावच्या शाळेत साहेब लोकांनी एक यंत्र आणून बसवलं होतं. त्याची सुई कागदावर अशीच रेघ काढायची, आणि साहेब म्हणाले होते, पुन्हा काही व्हायचं असेल तर आधी याला कळेल. अव्वा कितीतरी दिवस रोज जाऊन त्या सुईकडे बघत बसायची. सुईला तोंड नव्हतं. या यंत्राला तोंडही होतं.

अव्वानं देविकाचं मनगट धरून तिला ओढत बाहेर काढलं, मागून राजश्री सांडशीसकट आली, आणि फाटकात उभं राहून अव्वानं "भूकंप, भूकंप" म्हणत वरच्या पोरींना हाक मारली. या एका बाबतीत लातुरात कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. होस्टेल रिकामं झालं. ते बघून शेजारचा क्लास रिकामा झाला. फिजिक्सचे सर अर्धं राहिलेलं गणित उभ्या टेम्पोच्या फळीवर खडूनं पुरं करू लागले, कारण त्यांना तेवढ्यात पोर्शन संपवायचा होता. बिलोलीहून, हिमायतनगरहून पोरींच्या आईबापांचे फोन सुरू झाले. एकीनं पंखा हललेला पाहिला होता, दुसरीच्या पायाला जाणवलं होतं. महादेवप्पा एसटीतून उतरून गल्लीत पोचला तोवर भूकंप किती रिश्टरचा यावर दोन तट पडले होते. गर्दीच्या मधोमध अव्वा उभी होती आणि देविकाचं मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं.

शेवटी घंटा लॅपटॉपमधून वाजली हे देविकाकडून कळल्यावर व्यंकटराव जीव मुठीत धरून आत गेले आणि लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. हा घ्या तुमचा भूकंप, म्हणाले. देविकानं लाजत लाजत 'तपासणी करा'चं बटण दाबलं. सगळी गल्ली वाकून बघू लागली. रेघ धावली, धावली, हिरवी झाली आणि बाई म्हणाली, "ग्राहक, आपण सुरक्षित आहात." पोरींनी टाळ्या वाजवल्या. बिलोलीहून एक बाप गाडीत बसून निघालासुद्धा होता, त्याला अर्ध्या वाटेतून परत पाठवावं लागलं.

घरी सगळे हसत होते, पण त्या रात्री अव्वानं आपली वळकटी उचलली आणि कुणाला काही न सांगता आत आणून देविकाच्या शेजारी टाकली. राजश्रीनं नवऱ्याला डोळ्यांनीच गप्प केलं. इतक्या वर्षांनी आई छताखाली झोपलेली बघून महादेवप्पाला रडूच आलं. मास्तर माणूस, पण उशीत तोंड खुपसून रडला.

मग ती रीतच पडली. जेवणं झाली की अव्वा लॅपटॉपसमोर येऊन बसायची, बाई तपासणी करायची, सुरक्षित म्हणायची आणि अव्वा झोपायला जायची. तिचा खोकलाही उतरला. पण देविकाचे हाल सुरू झाले. तपासणी तासभर चालायची आणि तोवर लॅपटॉप मेल्यागत पडायचा. भर टेस्टमध्ये जाहिराती उगवायच्या. एकदा तर सगळा पेपर सोडवत आणला आणि पडदा गोठला. त्यात बाईची फुकटची मुदत संपली आणि ती ऊठसूट धोका, धोका करू लागली. देविका रडत व्यंकटरावांकडे गेली. व्यंकटरावांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं शिकून घेतलं होतं. आपल्या इमारतीत फुकटे भाडेकरू आपण ठेवत नाही, असं म्हणून त्यांनी पत्ते, कॅलेंडरं, लंडन आणि कवच, सगळ्यांना एका बैठकीत बाहेर काढलं. लॅपटॉप वाऱ्यासारखा पळू लागला.

रात्री अव्वा येऊन बसली. तिनं बराच वेळ वाट पाहिली.

"बाई का बोलंना?"

"काढून टाकली तिला," महादेवप्पा म्हणाला. "नुसती भीती घालत होती. आता काही होत न्हाई, तू झोप आत."

अव्वा उठली. वळकटी उचलली आणि शेडमध्ये गेली. महादेवप्पाचं डोकंच फिरलं. तो तिच्या मागोमाग बाहेर गेला आणि बाजेपाशी उभा राहून म्हणाला, "दुकानातल्या बाईवर भरवसा हाय, अन् पोटच्या पोरावर न्हाई?"

अव्वा थोडा वेळ खोकत राहिली. मग म्हणाली, "तसं न्हाई रे. तू तवा निलंग्याला शिकायला होतास, तुला ठाव न्हाई. वरीसभर जमीन गुरगुरत होती. सगळं गाव बाहेर झोपायचं. मग सगळेच म्हणू लागले, काही होत न्हाई. गणपती बुडवून आलो त्या रात्री पारू अंगणात उडदाच्या राशीपाशी माझ्या कुशीत निजली होती. दव पडू लागलं. मीच उठवलं तिला. मी म्हणले, जा बाई आत, काही होत न्हाई."

महादेवप्पा बाजेच्या कडेला बसला.

"ऐकलं रे तिनं माझं," अव्वा म्हणाली. "लई गुणाची होती. तवापासून काही होत न्हाई म्हणणाऱ्याचं मला ऐकवत न्हाई. ती बाई आधी धोका हाय म्हणती, मग हुडकती, अन् मग सांगती. तिचं खरं वाटतं."

नातेवाईक आजवर म्हणत आले होते की सिद्धम्माचं नशीब, राशीपाशी झोपली म्हणून वाचली. महादेवप्पाही तेच धरून चालला होता. आणि तेच ते शब्द तो रोज रात्री, इतकी वर्षं, मायेनं तिच्या कानावर घालत आला होता. त्याला आपली जीभ छाटून टाकावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेत रजा टाकली आणि दुकान गाठलं. दुकानदाराला आधी समजेचना. सर, लोक हे काढून द्या म्हणून येतात, घालून द्या म्हणून आलेले तुम्ही पहिले, असं म्हणून त्यानं महादेवप्पाला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं. न बोलावता आलेली ती बाई आता बोलावल्यावर मात्र भाव खाऊ लागली. ईमेल मागितला, पासवर्ड मागितला, चित्रातली सिग्नलं ओळखायला लावली. महादेवप्पा दोनदा नापास झाला. शेवटी कसाबसा पास झाला, मुदतीचे पैसे भरले, लॅपटॉप काखेत मारून घरी आला आणि पोरीपुढे ठेवला. पुन्हा लॅपटॉप मंद होणार हे कोणत्या तोंडानं सांगावं, त्याला कळेना. देविकानं अव्वाची गोष्ट आईकडून ऐकली होती. ती एवढंच म्हणाली, "राहू द्या बाबा. टेस्ट मी सकाळी देत जाईन."

रात्री जेवणं झाल्यावर सगळे लॅपटॉपभोवती बसले. आपण काढलेला भाडेकरू परत येतोय म्हणून व्यंकटरावही दारात येऊन उभे राहिले. आता फक्त एक चौकट भरायची राहिली होती. कोणाचं रक्षण करायचं, त्याचं नाव.

"अव्वा, कुणाचं टाकू?" देविकानं विचारलं. "तुझं टाकू का?"

अव्वानं मान हलवली.

"पारूचं टाक."

देविकानं दोन अक्षरं टाकली आणि बटण दाबलं. रेघ धावू लागली. नेहमीसारखी तासभर धावली, आणि त्या तासात जागचं कुणी उठलं नाही, व्यंकटरावसुद्धा. मग पडदा हिरवा झाला.

"पारू, आपण सुरक्षित आहात."

अव्वानं ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग शेडमधली वळकटी आणून तिनं देविकाच्या शेजारी पसरली, तिच्या अंगावर गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "आता झोप बाई आत."

देविकाचा केमिस्ट्रीचा एक धडा बाकी होता. तिनं पुस्तक मिटलं आणि डोळे मिटून घेतले.