फोटोत माणूस नको

सहलीला निघायच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या सरांनी पिल्लू सोडलं. "सगळ्यांचे फोटो सारखेच हो! मागे मनोरा, पुढे बायको." झालं, दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर निघणारे आमचे चित्रकलेचे मास्तर पेटले. आपल्या फोटोंत मनोरा नाही आणि माणूस तर मुळीच नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्यामुळे त्या परक्या शहरात घड्याळाच्या मनोऱ्यापुढे बायको हौसेनं उभी राहिली, तेव्हा मास्तर म्हणाले, "जरा बाजूला होतेस? तुझ्यामागचं कुलूप फार सुंदर गंजलंय."

ती झाली बाजूला. (लग्न झाल्यापासून सवय होती.) दुपारपर्यंत मास्तरांनी कुलपं, खिळे, एक मोडकी खुर्ची आणि गटारांची झाकणं टिपली. मग एका मांजरामागे ते कुठल्याकुठे गेले. मांजर भिंतीवरून पसार झालं, आणि मागे वळून पाहतात तर बायको गायब! दोघांचे फोन, पाकीट आणि खोलीची किल्ली तिच्या पर्समध्ये. हॉटेलचं नाव तिच्या डोक्यात. मास्तरांच्या गळ्यात फक्त कॅमेरा. हाका मारमारून घसा बसला, तेव्हा ते पोलीस चौकीत शिरले.

"बायको हरवली हो!"

"कपडे कोणत्या रंगाचे?" हवालदारानं विचारलं.

"निळे. म्हणजे... मोरपंखी? हिरवट?"

"तुम्ही काय करता?"

"चित्रकला शिकवतो."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "फोटो दाखवा."

मास्तरांनी कॅमेरा पुढे केला. कुलूप आलं. खिळा आला. झाकण आलं.

"यांत बायको कुठाय?"

मास्तर भराभर पुढचे फोटो दाखवत गेले. एवढ्या फोटोंत ती कुठेच नव्हती. शेवटी मोडक्या खुर्चीच्या कडेला काहीतरी सापडलं. "हे बघा! हे कोपर तिचं!"

"कोपरावरून माणूस शोधू?"

मास्तरांना रडूच कोसळलं. "एकदा दिसू दे हो. पुन्हा कुलपाकडे ढुंकून बघणार नाही." हवालदार माणूस भला. त्यानं स्वतःचा चहा त्यांच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "अहो!"

हा 'अहो' मास्तरांना आजवर इतका गोड कधी लागला नव्हता. "सापडलीस बाई!"

"मी बाकावरच बसले होते. हरवलात तुम्ही. तुमचा फोटो दाखवत दाखवत आले. फळवालीनं लगेच ओळखलं. म्हणाली, हाच तो, आमच्या गटाराचा फोटो काढत होता! तिनंच चौकीचा रस्ता दाखवला."

तिनं फोन पुढे केला. फोटोत मास्तर पाठमोरे, गटारावर ओणवे. चेहरा कुठेच नाही, बाकी सगळं भरपूर.

हवालदारानं फोटो पाहिला, मास्तरांना उठून पाठ फिरवायला लावलं आणि मान डोलावली. "हेच. घेऊन जा."

मास्तरांनी त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले, वाटेत फळवालीचे मानले, आणि तडक मनोरा गाठला. बायकोला पुढे उभं केलं आणि सगळे काढतात तसाच फोटो काढला. ती हसली, तेव्हा मास्तरांना समोरचं धूसर दिसायला लागलं. देवानं आपल्याला फुकटात काय देऊन ठेवलंय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. (कपडे जांभळे होते.)

आता दिवाणखान्यात दोन फोटो शेजारी शेजारी लावलेत. मनोऱ्यापुढे ती, गटारापुढे हे.

परवा मेहुणी आली. दारातच थबकली आणि म्हणाली, "अय्या, भावजींचा इतका छान फोटो आजवर कधी आला नव्हता!"