तोंड बघणारा डॉक्टर

“तोंडं बघतोस? लोकांची तोंडं? एवढ्यासाठी परदेशात जाऊन डॉक्टर झालास तू?” अराबाने पडदा खसकन ओढला. “बघ बाहेर! माझ्या कोंबड्यांना उभं राहायला जागा नाही!”

“अगं, मी तसं बोललोच नव्हतो,” फिफी बायकोला म्हणाला.

“मग काय, रेडिओ खोटं बोलला?”

फिफीने बाहेर बघितलं. बाहेर उत्तरेच्या वाऱ्याची धूळ भरली होती. समोरचं चर्च पुसल्यासारखं झालं होतं, नारळाची झाडं अर्धीच दिसत होती, आणि त्या सगळ्या पांढुरक्यात अंगणभर माणसं बसली होती, स्वप्नात बसतात तशी. न्हावी, शिंपीण, दोन मास्तर. सगळ्यात पुढे मासे भाजणारी एकुआमावशी. ती कोंबडा आरवायच्या आधीच येऊन बसली होती, म्हणून पहिला नंबर तिचा.

झालं होतं असं. डॉक्टर फिफी अमिसा केप कोस्टच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचा. त्याचं संशोधन एवढंच, की पेपरवाले बड्या लोकांना जास्त जागा देतात. बड्याचं कुत्रं हरवलं की फोटो, गरिबाचं घर वाहून गेलं की दोन ओळी. आदल्या दिवशी सकाळी रेडिओवर पेपरवाचनाच्या वेळी कोबिनाने त्याला बोलावलं. कोबिना पेपर आपल्या भाषेत वाचतो, वर भरपूर तिखटमीठ लावतो, म्हणून सगळं गाव ऐकतं. तर कोबिनाने विचारलं, तुम्ही करता काय? आता आमच्याकडे पक्षपाताला ‘तोंड बघणं’च म्हणतात. ज्याचं तोंड ओळखीचं, त्याच्या ताटात मोठा मासा. फिफी म्हणाला, “मी पेपरवाल्यांच्या तोंड बघण्याचा अभ्यास करतो.” नेमकी तेव्हाच वाऱ्याने खरखर केली आणि ‘पेपरवाल्यांच्या’ हा शब्द उडून गेला. उरलं काय? डॉक्टर तोंड बघतो! म्हणजे तोंड बघून भविष्य सांगतो, असं गावाने धरलं.

“जा, सांग त्यांना, चूक झाली म्हणून,” अराबा म्हणाली.

फिफी चप्पल शोधायला वाकला, तेवढ्यात धुळीतून एक लांबलचक काळी गाडी आली, आवाज न करता, होडीसारखी. आतून नाना क्वेंतसिर उतरले.

बर्फाचा कारखाना नानांचा, रेडिओ नानांचा, पेपरही नानांचाच. फिफीचं संशोधन त्यांच्यापाशीच अडलं होतं. बडी माणसं पेपरवाल्यांना काय सांगतात, ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय काम पुरं होणार नव्हतं, आणि काम पुरं झालं नाही तर या सत्रानंतर नोकरी नाही, असं विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं. फिफी वर्षभर नानांच्या फाटकाशी जात होता. वॉचमनचं उत्तर ठरलेलं. नाना झोपलेत.

आणि आता नाना स्वतः दारात!

“या नाना, या, आत या,” फिफी म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं.

“अरे ए डॉक्टर!” एकुआमावशी उठली. “नंबर माझा आहे!”

“मावशी, जरा थांबा. नाना आलेत ना.”

आत नाना खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड पुढे केलं. मोठं, शांत, धुळीने पावडर लावल्यासारखं तोंड. फिफीने घसा खाकरला. “तुमच्या... तुमच्या डाव्या भुवईत मला एक संपादक दिसतोय.”

“अरे बापरे!” नानांचे डोळे मोठे झाले. “दिसतो?”

“तुम्ही त्याला काहीतरी सांगताय...”

नाना सांगणार, तेवढ्यात बाहेरून मावशीचा आवाज आला. आणि पाठोपाठ तोच आवाज स्वयंपाकघरातल्या रेडिओतून, एक श्वास उशिरा. कोबिना माइक घेऊन अंगणात आला होता.

“मावशी, काय चाललंय इथे?”

“काय चालणार? डॉक्टर तोंड बघून नंबर देतोय! नानाचं तोंड दिसलं, माझं दिसलं नाही. माझ्या तोंडाला काय काजळी लागलीय?”

“लागलीय, मावशी.”

“मासे भाजते मी, लागणारच! तुझ्यासारखी फुकटची बडबड करून पोट भरत नाही!”

बाहेर हसले. मग रेडिओत हसले. अराबाने काही न बोलता आवाज वाढवला.

फिफीचे कान तापले. तो उठला. “नाना, तुम्ही बाहेर जा. मावशीच्या मागे... नाही, सगळ्यांच्या मागे.”

“मी? रांगेत?”

“हो. माझी नोकरी गेली तरी चालेल. उठा.”

 नाना उठले, बाहेर गेले आणि सगळ्यात शेवटी, शिंपिणीनंतर बाकाच्या टोकाला बसले. ड्रायव्हर उशी घेऊन धावला. ऊब होती, धूळ होती, कुणाला काही घाई नव्हती. नानांचे डोळे पेंगायला लागले. कोबिनाने हळूच माइक पुढे धरला. “नाना, काय करता हो दिवसभर?”

“दिवसभर काही नाही,” नाना झोपेत बोलावं तसं म्हणाले. “संध्याकाळी संपादकाला फोन करतो. विचारतो, उद्या मी कुठल्या पानावर? तो म्हणतो, पहिल्या. मग मला छान झोप लागते.”

“आणि आमच्या होड्या?” मावशी पुढून म्हणाली.

“कुठल्या होड्या?”

“मागच्या भरतीत गेल्या त्या. माझ्या भावाचीही गेली.”

“माझ्या वाचनात नाही आलं.”

“छापलंच नाही तर वाचणार काय, डोंबल!”

कुणी हसलं नाही. समुद्र तेवढा ऐकू येत होता, तोही एक श्वास उशिरा, रेडिओतून. फिफी खिडकीत उभा राहून शब्दन् शब्द लिहून घेत होता. काम झालं होतं. नानांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि सगळ्या गावाने ऐकलं होतं. आता ते नाकारणार कोण? उद्या तरी पेपर शुद्धीवर येईल, असं त्याला वाटलं.

आज सकाळी पेपर आला. पहिल्या पानावर अर्ध्या पानाचा फोटो, बाकावर बसलेले नाना. वर ठळक अक्षरं: ‘थोर मनाचे नाना सामान्यांच्या रांगेत!’

“तुझं नाव कुठाय?” अराबाने विचारलं.

“नाही.”

“आणि होड्यांचं?”

फिफीने पानं उलटली. “आहे. शेवटच्या पानावर. होडी विकणे आहे.”

अराबा हसायला लागली, मग तोही हसायला लागला आणि हसत हसतच त्याने कात्रीने ते पहिलं पान कापून संशोधनाच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं. मावशीने तर तिच्या अंकात गरम मासेच गुंडाळले, नानांचं तोंड आतल्या बाजूला करून.

बास, मला आता निघायला पाहिजे. नाक्यावरचे पेपर संपत आलेत, आणि त्या फोटोत नानांच्या खांद्यामागे जो अर्धा कान दिसतो ना, तो माझा आहे.