सिंपल माणसं

औशात शेषेरावांचं मंडपाचं दुकान. लग्नघरून भांडी परत आली की प्रत्येक पातेलं उलटं करून बुडाखालचं आपलं नाव वाचल्याशिवाय ते आत घेत नसत. माणसांचंही तसंच. कुणी सरळ बोललं तरी त्यांना त्याचं बूड बघायचं असे. (केवळाबाई म्हणत, "सात फेऱ्या घेतानाबी हे मागं वळून बघत होते, दुसरंच कोणी तर येऊन न्हाई राहिलं!")

त्यांच्या शिवमसाठी लातूरचं स्थळ सांगून आलं. पोरगी सगळ्यांना आवडली. आधी दोन-तीन ठिकाणचे नकार पचवलेले, त्यामुळं हे स्थळ काही करून जाऊ नये असं घरादाराला वाटत होतं. मुलीचे आईवडील, उज्वलाबाई आणि वैजनाथराव, घर बघून गेले. पोहे झाले, चहा झाला. निघताना फाटकात उज्वलाबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "व्हेरी सिंपल पीपल."

हळू बोललेलं शेषेरावांना नेमकं ऐकू येतं.

शेजारच्या जहांगीरभाईंची बुशरा कॉलेजात इंग्रजी शिकवायची. शेषेराव चप्पल न घालताच तिच्या दारात.

"बुशरा, सिंपल म्हंजे काय गं?"

"साधं, काका."

"म्हंजे चांगलंच ना?"

"हाव, चांगलंच. साधा ड्रेस, साधं जेवण. सिंपल गणित म्हणलं तर सोपं. आन्..."

"आन्? ते आन् सांग आधी!"

बुशरा अडखळली. "माणसाला कोणी वेगळ्या सुरात म्हणलं, तर भोळसट. जरासं खुळं."

"कोणत्या सुरात?"

"ते ऐकल्याबिगर कसं सांगू, काका?"

झालं! शेषेराव फाटकात उभं राहून "व्हेरी सिंपल पीपल" वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघू लागले. दूधवाला लांबूनच सायकल वळवून गेला. जितक्यांदा म्हणावं तितका त्यात खुळेपणाच जास्त ऐकू येई. मग त्यांची नजर बैठकीतल्या फाटक्या सतरंजीवर गेली. जगाच्या लग्नात गालिचे अंथरणारा माणूस, आणि स्वतःच्या घरी हे! यावरूनच म्हणाली असणार बाई.

रविवारी लातूरची मंडळी काय ते सांगायला येणार होती. सकाळीच शेषेरावांचा टेंपो त्यांच्याच दारात उभा राहिला. फाटकाला फुलांची कमान, दारापर्यंत लाल गालिचा, ओसरीवर झुंबर आणि बैठकीत नवरानवरी बसतात ती मखमली खुर्ची.

"अहो, हे काय करून राहिले?" केवळाबाईंनी कपाळाला हात लावला.

"सिंपल म्हणतात काय आपल्याला! बघू दे आता."

पण शेषेराव एक गोष्ट विसरले. त्यांचा टेंपो ज्या दारात रिकामा होतो त्या दारात कार्य असतं, हे औशातल्या बारक्या पोरालाही ठाऊक. गल्लीनं कुणाला विचारलं नाही. समोरच्या घरातले अमृतराव टोपी-टॉवेल घेऊनच आले. त्यांच्या मागं ओटीचं सामान घेतलेल्या बाया.

"गुपचूप उरकून राहिले व्हय, शेषेराव? निदान शेजाऱ्याला तरी सांगायचं!"

शेषेराव तोंड उघडतात तोच लातूरची जीप आली. नवखी माणसं बघून अमृतराव अदबीनं पुढं झाले. "या, या! बसा. नवरीकडचे अजून यायचेत."

उज्वलाबाई कमानीखालीच थबकल्या. "कोणाची नवरी?"

"शिवमची की! साखरपुडा हाय न्हाई का आज!"

वैजनाथरावांचा चेहरा उतरला. "दुसरीकडं ठरलं होतं, तर आम्हाला कशाला बोलावलं?"

"न्हाई हो! हे समदं तुमच्यासाठीच!" शेषेराव ओरडले.

"आमच्यासाठी? आम्ही तर अजून हो म्हणालो नाही. गाव गोळा करून गळ्यात मारता काय?"

वैजनाथराव जीपकडं वळले. शिवमचा चेहरा पांढराफटक पडला. पोराचं तोंड बघून शेषेरावांचं अवसान गळालं आणि ते मखमली खुर्चीतच बसले.

"बाई, तुमी फाटकात सिंपल म्हणलात," ते म्हणाले, "मला वाटलं, खुळे म्हणलात. खुळ्याच्या घरी पोरगी कोण देतंय? म्हणून हा थाट केला. माझ्या येडेपणाची शिक्षा पोराला देऊ नका."

उज्वलाबाईंनी झुंबराकडं पाहिलं, मखमली खुर्चीत आक्रसून बसलेल्या माणसाकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"अहो, साधी माणसं म्हणाले मी! त्याच्यावरच तर आमचं जुळलं. होकार द्यायलाच आलो होतो."

मग काय! माणसं जमलेलीच होती. तिथंच सुपारी फुटली, अमृतरावांनी टोपी-टॉवेल वैजनाथरावांना चढवला आणि गल्लीनं दोन-दोनदा चहा घेतला.

निघताना त्याच फाटकात उज्वलाबाई भावाला फोनवर सांगत होत्या, "ठरलं रे! व्याही ना? व्हेरी, व्हेरी सिंपल!" आणि पुन्हा हसू आवरेना.

शेषेरावांनी बुशराला बाजूला घेतलं. "पोरी, आता तर सूरबी ऐकलास. कोणता अर्थ?"

बुशरानं चहाच्या कपात बघितलं.

"तिला कशाला इचारता?" गालिचा गुंडाळता गुंडाळता केवळाबाई म्हणाल्या. "पयल्यांदा बाई आल्या तवा पयला अर्थ होता. तुमी टेंपो लावून शेवटचा आणलात."