ठोकून बघणारे शिंदे डॉक्टर

शेजारचे शिंदे डॉक्टर घरी आले की आधी माझी पाठ ठोकतात. कॉफीचं नंतर. डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर टेकवायचं, उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करायचं आणि कान तिरका करून ऐकायचं. मी मुळातला भित्रा माणूस. ते गप्प राहिले की मला घाम फुटतो.

"सुम्ने राहा," ते म्हणतात. "आत पाणी नाही. भिऊ नका. अष्टे."

'सुम्ने' म्हणजे उगी, 'अष्टे' म्हणजे एवढंच. आमच्या म्हैसूरच्या मराठीत मुरलेलं हे कन्नड. डॉक्टरांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. पणतू मेडिकल कॉलेजात छातीचे आजार शिकवतात आणि दिसेल ते ठोकतात. दार, गॅसचा सिलिंडर, आमचा फ्रीज. आमच्या गोकुलम भागात योग शिकायला आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या ताठ पाठी बघून तर त्यांची बोटं शिवशिवतात. मी लगेच दुसऱ्या गल्लीत वळतो.

यंदा कॉलेजात शिकवणारे कॉम्प्युटर आले. अर्ध्या वर्गानं त्यावर शिकायचं, अर्ध्यानं डॉक्टरांचं लेक्चर ऐकायचं, मग सगळ्यांची एकच परीक्षा. कॉम्प्युटरवाले पुढे गेले तर डॉक्टरांचा तास बंद. हे ठरल्यापासून डॉक्टरांनी हाय खाल्ली. एका संध्याकाळी ते माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. आधी अर्थातच तो ठोकला.

"मोरे, चुकीचं बटण दाबलं तर काय होतं?"

"काही नाही. पुन्हा दाबायचं."

"हा 'आई गं' म्हणत नाही?"

"नाही."

"नोडी, बघा. मग पोरांना कळणार कसं?"

आणि त्यांनी सांगितलं. दरवर्षी पहिल्या तासाला ते स्वतः शर्ट काढून, वर्गाकडे पाठ करून स्टुलावर बसतात. एकेकानं पुढे यायचं आणि त्यांची पाठ ठोकायची. परक्या अंगाला हात लावायला नवखी मुलं घाबरतात. हात गार पडतात, बोटं लटपटतात. "काय घाबरायचं ते माझ्या पाठीवर घाबरून घ्या, असं सांगतो मी त्यांना," डॉक्टर म्हणाले. "पुढे वॉर्डात पेशंट आधीच घाबरलेला असतो."

निकाल लागला. कॉम्प्युटरवाले पुढे. थोडेसेच, पण पुढे. खरं सांगायचं तर तो कॉम्प्युटर चांगलं शिकवतो. फुप्फुसाचा आवाज हवा तितक्या वेळा ऐकवतो आणि वैतागत नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टर आले, पण त्यांनी माझी पाठ ठोकली नाही. वाटलं, लांबूनच काहीतरी दिसलं असणार यांना. डॉक्टरांनी शर्ट काढला आणि माझ्याकडे पाठ करून ते स्टुलावर बसले.

शिंदेवहिनी वारल्यापासून शेजारच्या घरात डॉक्टर एकटेच. त्यांच्या पाठीला कुणाचा हात लागत असेल तर तो वर्षातून एकदा, त्या घाबरलेल्या मुलांचा. तास बंद म्हणजे आता तोही नाही. हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

माझी बोटं गार पडली होती. मी एक बोट टेकवलं, दुसऱ्यानं हळूच ठोकलं. काही म्हणजे काही कळलं नाही.

"भिऊ नका, मोरे," डॉक्टर पाठमोरेच म्हणाले. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. अजून एकदा ठोका."