एका लाइमझीडराचे संवर्धन

ऑर्टविन लाइमझीडर यांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी दोन गोष्टी एकदमच करायच्या होत्या. लग्न करायचं होतं आणि आडनाव टाकायचं होतं. पहिल्या गोष्टीला हेडा झोनेनफेल्ड तयार होती, पण दुसरी झाल्यावरच.

लाइमझीडर म्हणजे सरस उकळणारा. जनावरांची कातडी, खुरं आणि हाडं मोठ्या कढईत घालून दिवसभर शिजवायची आणि सुतारांना, जिनगरांना, पुस्तकं बांधणाऱ्यांना लागणारा सरस त्यातून काढायचा, हा ऑर्टविनच्या पूर्वजांचा धंदा. आपल्याकडे असते तर सरसकढे झाले असते. उंटरग्राउबाख गावानं त्यांना तटाबाहेर, नदीकाठी, वारा गावाकडून वाहतो अशी जागा बघून वसवलं होतं. त्यांच्या सरसानं जोडलेल्या खुर्च्यांवर बसून गावानं चारशे वर्षं त्यांच्या नावानं नाक धरलं. वर त्या भागात मंद, कंटाळवाण्या माणसालाही ‘काय लाइमझीडर आहे!’ असंच म्हणतात. त्यामुळे हे घराणं साथीत मेलं नाही की लढाईत कामी आलं नाही. ते हळूहळू दुसरंच झालं. कुणी एक अक्षर बदललं, कुणी बायकोच्या नावात शिरलं, कुणी जहाजात बसताना जुनं नाव धक्क्यावरच ठेवलं.

ऑर्टविन मात्र राहिला होता. तो कानाच्या यंत्रांचं दुकान चालवी, मांसाला शिवत नसे, आणि फोनवर नाव सांगताना समोरचा हसून घेईपर्यंत थांबायची त्याला सवय झाली होती.

“तुझं बाकी सगळं मला मान्य आहे,” हेडा म्हणाली. ती विधवा होती आणि चौकातलं केकचं दुकान तिचं होतं. “तुझं घोरणं, तुझी ती बिनमांसाची सूपं, सगळं. पण या वयात मी लाइमझीडर बाई होणार नाही. मी लोकांच्या केकवर क्रीम लावते रे! पाटी वाचून त्यांना काय आठवेल?”

“अगं, मग मीच झोनेनफेल्ड होतो की!” ऑर्टविन म्हणाला. झोनेनफेल्ड म्हणजे उन्हाचं शेत. हाडांच्या कढईतून उठून उन्हाच्या शेतात जायचं आणि वर हेडाही मिळणार, याहून माणसाला काय हवं? कायद्यानं तिथे नवरा बायकोचं आडनाव घेऊ शकतो. दोघं हातात हात घालून नोंदणी कचेरीत गेली.

कचेरीतल्या श्टांगलबाईंनी नाव टंकलं. संगणकाचा पडदा लाल झाला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा टंकलं. पडदा आणखी लाल झाला.

“लाइमझीडरसाहेब,” त्या आदरानं म्हणाल्या, “तुम्ही संरक्षित आहात.”

“कुणापासून?”

“तुमच्यापासूनच.”

झालं होतं असं, की सरकारनं नुकतंच ‘दुर्मिळ व्यवसायदर्शक आडनाव संवर्धन कार्यालय’ स्थापन केलं होतं. प्रमुख होते डॉ. फोल्कमार एरेनप्राइस. ते याआधी बेडकांच्या खात्यात होते. रस्ता ओलांडणाऱ्या बेडकांसाठी मोटारी थांबवायचं काम त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं, की बेडूक वाढले आणि खातं बंद करावं लागलं. रिकाम्या झालेल्या डॉक्टरांना सरकारनं आडनावांवर सोडलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात ते ऑर्टविनच्या दुकानात आले आणि बराच वेळ काही न बोलता, हालचाल न करता, चार हातांवरून त्याचं निरीक्षण करत उभे राहिले.

“देखणा नमुना आहे,” शेवटी ते म्हणाले. “साहेब, जगात अधिकृत लाइमझीडर चार उरलेत. एक मठातल्या साध्वी, त्यांच्याकडून वाढीची अपेक्षा नाही. एक नव्वदीचे आजोबा. ते उमेदीत आहेत, पण जोडी जमत नाही. तिसरे तुरुंगात असतात. बंदिस्त अवस्थेतले आम्ही मोजतो, पण मिरवत नाही. मोकळ्या अधिवासात फिरणारे तुम्ही एकटेच!”

“पण मला झोनेनफेल्ड व्हायचंय.”

“बेडकालाही कधी कधी चिमणी व्हावंसं वाटत असेल,” डॉक्टर समजुतीनं म्हणाले. “आपण होऊ देतो का?”

हेडा काउंटरपाशी उभी होती. डॉक्टर तिच्याकडे वळले. “तुम्ही मात्र लाइमझीडर होऊ शकता, बाई. उलट आम्ही आभारी राहू. पाच झाले की दुर्मिळता संपते.”

“तुमच्या मोजणीसाठी मी नाव बदलू? व्हा बाहेर!” हेडा म्हणाली. डॉक्टरांनी ‘मादी आक्रमक’ असं टिपून घेतलं आणि ते गेले.

ऑर्टविननं हरकत घेतली. सुनावणी झाली. तो भाषणं करणाऱ्यांतला नव्हता, पण त्या दिवशी प्रेमानं त्याला वाचा फुटली. “साहेब, मी कानाची यंत्रं विकतो. सरस मी आयुष्यात ढवळलेला नाही. माझ्या आजोबांनीही नाही. या नावाला आता काही अर्थच उरलेला नाही. अर्थ नसलेली गोष्ट जपून तुम्ही करणार काय?”

डॉक्टर एरेनप्राइस उठून उभे राहिले. त्यांनी ऑर्टविनचा हात हातात घेतला. “इतक्या नेमक्या शब्दांत आमची बाजू आजवर कुणी मांडली नव्हती,” ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

निकाल लागला. अर्जदाराचा युक्तिवाद पूर्णपणे मान्य करण्यात येत आहे. व्यवसायाविना व्यवसायदर्शक आडनाव अर्थहीन होय. सबब, अर्थ पुनःस्थापित करण्यासाठी अर्जदाराने दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, पूर्वजांच्या मूळ जागी, सार्वजनिकरीत्या सरस उकळावा. नावबदलाचा फेरविचार त्यानंतरच होईल.

आता त्या देशात कुठलाही हातधंदा करायचा तर उस्तादीचं प्रमाणपत्र लागतं. ते देतो त्या धंद्यातला उस्ताद. सरसाचा शेवटचा उस्ताद वारून कैक पिढ्या झाल्या होत्या. कारागीर मंडळानं यावरही मार्ग काढला. त्यातल्या त्यात जवळचे म्हणून एक खाटीक, एक केशकर्तनकार आणि एक खिडक्यांच्या काचा बसवणारे गृहस्थ यांची परीक्षक समिती नेमली. ऑर्टविननं भीत भीत विचारलं, “मी मांस खात नाही हो. बटाट्याच्या पिठाची खळ शिजवली तर चालेल?”

समितीनं आत जाऊन विचारविनिमय केला. “चालणार नाही,” खाटीक म्हणाला. “खळ शिजवणाऱ्यांचं आडनाव निराळं आहे. ते दुसऱ्या कुटुंबाला नेमून दिलंय. ती मंडळी फार भांडखोर आहेत, तुम्ही त्या फंदात पडू नका.”

परीक्षेसाठी तीन महिने ऑर्टविन नाकाला रुमाल बांधून खुरं धूत राहिला. संध्याकाळी तो हेडाकडे येई. ती त्याला दाराबाहेर उभं करून त्याच्या कोटावर कोलनवॉटर शिंपडी आणि मग आत घेई. “सोडून दे हे सगळं,” ती एकदा म्हणाली. “लग्न नको. असंच राहू.”

“नको,” ऑर्टविन म्हणाला. “मला एकदा तरी कुणीतरी स्वतःहून नाव विचारून, न हसता लिहून घ्यायला हवंय. ते तुझ्या नावानंच होईल.” हेडानं त्याला कॉफी दिली आणि खिडकी उघडली.

परीक्षा पार पडली आणि पहिला शनिवार उजाडला. गावात सणाचं वातावरण होतं. बँड होता, भाजलेल्या सॉसेजचे ठेले होते, बिअर होती. लाइमझीडरांच्या मूळ जागेवर आता ‘नदीकाठ’ नावाची नवी वसाहत उभी होती. तिथली घरं वारसा दिसतो म्हणून जास्त भावानं विकली गेली होती. लोकांनी छातीवर बिल्ले लावले होते. बिल्ल्यावर लिहिलं होतं, ‘आम्ही सारे लाइमझीडर’. नगराध्यक्षांनी फीत कापली. “मित्रांनो, या गावाला एकत्र चिकटवून ठेवलं ते कुणी?” त्यांनी विचारलं. “यांनी!” लोक ओरडले. ज्यांनी शाळेत ऑर्टविनशेजारी बसायला नकार दिला होता ते टाळ्या वाजवण्यात पुढे होते. ऑर्टविनला भरून आलं. त्यानं झाकण उघडलं.

बँड आधी थांबला. मग ट्रम्पेटवाला बसला. वास पहिल्यांदा सॉसेजवर गेला, मग बिअरवर, मग सावकाश जिना चढून वसाहतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचला. खिडक्या धडाधड बंद होऊ लागल्या. वास मोजणारा सरकारी अधिकारी यंत्र घेऊन कढईपर्यंत गेला. यंत्रानं एक शिट्टी घातली आणि कायमचे डोळे मिटले.

“बंद करा हे!” बिल्लेवाले ओरडले.

“पण हाच तर वारसा आहे,” डॉक्टर एरेनप्राइस रुमालातून म्हणाले.

“वारसा पाहिजेच!” नगराध्यक्ष म्हणाले. “वारशाला कुणाचा विरोध आहे? फक्त वास नको. आडनाव इथे ठेवा, माणूस तेवढा हलवा.”

“कुठे हलवू?”

“गावाबाहेर. वारा बघून.”

सूचना सर्वानुमते मंजूर झाली. मतदानासाठी वर झालेला एकही हात नाकावरचा नव्हता. नाकावरचा तिथेच राहिला, वर झाला तो दुसरा. ऑर्टविन ढवळणं हातात धरून नुसता उभा राहिला. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे कढईकडे आणि त्याच्याकडे एकत्रच पाठ करून होते.

तेवढ्यात हेडा कढईशेजारच्या बाकावर चढली. ती अंगानं भरलेली बाई, बाक करकरलं.

“ए सभ्य माणसांनो!” ती म्हणाली. “वीस वर्षं माझ्या स्ट्रॉबेरीच्या केकवरची जेली बोटानं निपटून खाताय ना? ती कशाची असते? गुलाबपाण्याची? हाडांची असते ती, हाडांची! कातड्याची! या कढईतला हा सरस मळका, आणि माझ्याकडचा न्हाऊन-माखून आलेला, एवढाच काय तो फरक. इकडे नाक धरता आणि तिकडे दुसरा तुकडा मागता!”

नदीकाठी अशी शांतता पसरली, की कढईमागे कुणीतरी ओकारी काढलेली स्पष्ट ऐकू आली. तो ऑर्टविन होता. गेली सहा वर्षं तो मांसाला शिवला नव्हता आणि रोज दुपारी तो केक खात होता.

“आणि हो,” हेडानं डॉक्टरांकडे बोट रोखलं, “घाला मला तुमच्या मोजणीत. मी याच्याशी लग्न करते आहे. लाइमझीडर म्हणूनच करते आहे. या बिल्लेवाल्यांसारखी नाही, खरीखुरी.”

लग्न झालं. श्टांगलबाईंनी नाव न हसता लिहून घेतलं, लाल पडदा हिरवा झाला. ऑर्टविनला त्या दिवशी काय वाटलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण चारशे वर्षं ज्या नावातून माणसं मागच्या दारानं बाहेर पडत होती, त्यात पुढच्या दारानं, मान वर करून कुणीतरी आत आलं होतं. संध्याकाळभर तो हेडाकडे नुसता बघत बसला.

सोमवारी डॉक्टर एरेनप्राइस आले. फार खिन्न दिसत होते. “आता तुम्ही पाच झालात,” ते म्हणाले. “पाच म्हणजे मुबलक. संरक्षण मागे घेण्यात येत आहे.” त्यांनी स्वतःच्या हातानं नदीकाठची वारशाची पाटी काढली, कढई ताब्यात घेतली, आणि जाता जाता ऑर्टविनकडे एकदा असं बघितलं, जसं घराच्या मागच्या अंगणातल्या साध्या बेडकाकडे बघतात. आता त्याला वाटेल ते आडनाव घ्यायला मोकळीक होती.

“घेऊ या का झोनेनफेल्ड?” त्यानं हेडाला विचारलं.

“मी पाटी रंगवून घेतलीय,” हेडा म्हणाली. “रंग महाग आहे.”

दुकानावर ‘लाइमझीडर केक’ अशी पाटी लागली. कृती तीच, हात तेच, जेलीच्या जागी तर हेडा आता फळांचा गर घालू लागली होती, म्हणजे दुकानात हाडांचा अंशही नव्हता. तरी लोक दारापर्यंत येत, पाटी वाचत, हवा हुंगत आणि म्हणत, “नको, काहीतरी वास येतोय.” सगळी गिऱ्हाइकं शेजारच्या गावातल्या केकवाल्याकडे जाऊ लागली. त्याची जेली हाडांचीच होती, पण त्याचं आडनाव फार सुरेख होतं. वसाहतीतल्या लोकांनी बिल्ले मात्र जपून ठेवलेत. पाहुणे आले की दाखवतात.

ऑर्टविन आणि हेडाला आता थोडी गिऱ्हाइकं आहेत. बरीचशी बहिरी आहेत, त्याच्या दुकानातून तिच्या दुकानात येतात. दोघांचं बरं चाललंय.

तर, उंटरग्राउबाखच्या लोकांना हसून झालं असेल, तर तुम्ही आता आपलं नेहमीचं काम कराल. ही गोष्ट लिहिली कुणी, ते बघायला पानं मागे उलटाल. नुसतं नाव वाचून तुमचं समाधान होणार नाही. नजर तशीच पुढे सरकेल, आडनावावर टेकेल, आणि तुम्ही स्वतःशीच हळूच म्हणाल, “अस्सं होय. तरीच.”